चौथीला काय म्हणायचं

मल्हाररावांनी लाल रेशमी रुमाल डाव्या मुठीत कोंबायला घेतला. उजव्या अंगठ्याने दाबत दाबत, इंचाइंचाने. समोर बसलेल्या अवंतीला ते म्हणाले,

"तू फक्त मुठीकडे बघ. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. तोंड खोटारडं असतं."

अवंती बघत होती. रुमाल आत गेला. आता मूठ वळवायची, उघडायची आणि रिकामा तळहात दाखवायचा, एवढंच राहिलं होतं. हा प्रयोग मल्हाररावांनी बारशांत केला होता, साखरपुड्यांत केला होता, एकदा तर तापाने फणफणलेले असताना केला होता. पण गेली दोन वर्षं उजवा अंगठा त्यांचं ऐकेनासा झाला होता. मूठ वळवताना तो थरथरला आणि दोन बोटांच्या फटीतून रुमालाचं लाल टोक बाहेर डोकावलं.

त्याच क्षणी स्वयंपाकघरात एक झाकण पडलं. पिठाच्या डब्याचं, चांगलं परातीएवढं, आणि ते गिरक्या घेत बराच वेळ वाजत राहिलं. अवंतीने मान वळवून आत पाहिलं. मल्हाररावांना तेवढं पुष्कळ होतं. ती पुन्हा वळली तेव्हा त्यांचे दोन्ही तळहात धुतल्यासारखे स्वच्छ होते.

"वा, काका!" अवंती म्हणाली.

"हाताची सवय, दुसरं काय," मल्हारराव म्हणाले आणि पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरून प्यायले.

नागरवाड्यातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत अवंती आज पाचव्यांदा आली होती. मुलगी रेल्वे वसाहतीत वाढलेली. वडील भुसावळहून बदलीवर आले ते बडोद्याचेच होऊन गेले. ती एका शाळेत इंग्रजी शिकवायची आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या एका प्रकाशकासाठी एक जाडजूड इंग्रजी कादंबरी मराठीत आणत होती. राजे, किल्ले, उडते सरडे आणि पानोपानी जादू. अडचण अशी की त्या पुस्तकात जादू करणारे लोक चार जातींचे होते आणि इंग्रजीत चौघांना चार वेगळी नावं होती. संपादकांचं म्हणणं, एवढी भानगड कशाला, पुरुषांना सरसकट जादूगार म्हणा आणि बाईला चेटकीण. अवंतीला ते पटेना. मग कोणीतरी सांगितलं म्हणून ती मल्हारराव जगतापांकडे आली. गणपतीच्या मांडवात, पादरा गावच्या शाळेच्या पटांगणात, कारखान्यांच्या क्लबांत ज्यांचे खेळ एकेकाळी लोकांनी दाटीवाटीने पाहिले होते, ते हेच 'जादूगार मल्हारराव'.

"चल, काढ तुझी वही," मल्हारराव म्हणाले. "पहिला कोण?"

"विझर्ड. हा पोथ्या वाचून शिकतो. वीस वर्षं गुरूकडे राहतो, परीक्षा देतो. याला मी मांत्रिक लिहिलंय."

"छे छे. मांत्रिक म्हटलं की लोकांना अंगारा आणि लिंबू दिसतं. या बिचाऱ्याने एवढा अभ्यास केलाय, त्याला विद्याधर म्हण."

"विद्याधर तर पुराणातले असतात, काका. आकाशातून फिरणारे."

"मग काय, ते तक्रार करायला येणार आहेत? पुढचा."

अवंती हसली. तिने मांत्रिक खोडून विद्याधर लिहिलं.

"सॉर्सरर. हा शिकत वगैरे नाही. रक्तातच असते त्याच्या. रडला तरी दिवे विझतात. याला मायावी."

"बरोबर आहे. राक्षसांची पोरं कुठे शाळेत जातात? माया घेऊनच जन्माला येतात. ठेव मायावी. आणि गारुडी कोणाला दिलास?"

"कोणालाच नाही. गारुडी म्हणजे जरा हलकं वाटतं ना?"

मल्हारराव खुर्चीत सरळ झाले.

"हलकं? अगं, गारुडी आमच्या सगळ्यांचा बाप. मला पडदा असतो, दिवे असतात, लोक एकाच बाजूला बसलेले असतात. तो भर रस्त्यात बसतो. चारी बाजूंनी माणसं, वर ऊन, मागे उभं राहून वाकून बघणारी पोरं. त्यात तो टोपलीखालून आंब्याचं रोप काढून दाखवतो. वाडीत असाच एक म्हातारा गारुडी यायचा. त्याची हातचलाखी बघायला मी कामावर उशिरा जायचो आणि साहेबाच्या शिव्या खायचो. हलकं म्हणू नकोस त्याला."

अवंतीने कान पकडले. मल्हाररावांचा हा गुण तिला फार आवडायचा. स्वतःची बढाई मारताना ते कंजूस नव्हते, पण दुसऱ्याचं कौतुक करायला बसले की हातचं काही राखून ठेवत नसत.

"तिसरा वॉरलॉक," ती म्हणाली. "याची स्वतःची काहीच शक्ती नाही. त्याने कुणाशी तरी करार केलेला असतो. म्हणजे एखादं दैवत, एखादं पिशाच्च. शक्ती त्याची, मिरवणार हा. मी अघोरी लिहिलंय."

"अघोरी नको. तो पंथ आहे, खरी माणसं असतात त्यात. आणि तुझा हा गडी तेवढा धीट पण वाटत नाही. दुसऱ्याच्या जिवावर मिरवणारा ना? अंकित म्हण त्याला. कुणाचा तरी अंकित."

"अंकित! काका, काय सुंदर शब्द दिलात," अवंती म्हणाली आणि खाली मान घालून लिहू लागली.

मल्हाररावांच्या तोंडातून शब्द गेला खरा, पण तो त्यांचा त्यांनाच लागला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत त्यांच्या पत्नी चिमणाबाई खाली बसून मेथी निवडत होत्या.

गोष्ट अशी होती की 'जादूगार मल्हारराव' यांनी जन्मात एकही प्रयोग स्वतः शोधून काढलेला नव्हता. म्हणजे जवळजवळ एकही नाही. दिवसा ते एका खताच्या कारखान्यात फिटर होते. पेट्या, कड्या, खटके करायला हात त्यांचा. पण कोणती पेटी, कुठे खटका, कुठल्या कापडाला कुठे चोरकप्पा ठेवायचा, हे सगळं चिमणाबाईंच्या डोक्यातून यायचं. त्यांचे आजोबा सरकारी पागेत घोड्यांचा साज शिवायचे. ती शिवण घरात झिरपत झिरपत नातीपर्यंत आली होती. सातवी शिकलेली बाई, पण एखाद्या वस्तूकडे बघितलं की ती आतून कशी असेल ते त्यांना दिसायचं. लोक वरून काय बघतील तेही दिसायचं. 'रिकामा मेणा' हा मल्हाररावांचा सगळ्यात गाजलेला खेळ. पडदे लावलेल्या मेण्यात बाई बसायची, चार भोई मेणा उचलून मांडवाला फेरी घालायचे, पडदे उघडले की आत कोणी नाही, आणि बाई प्रेक्षकांतल्या शेवटच्या रांगेत शेंगा खात बसलेली. ते कसं होत असे हे इथे सांगण्यासारखं नाही. या धंद्यात ते सांगत नाहीत आणि आपणही सांगू नये.

एकदा पादरा गावच्या खेळात मेण्याचा पडदा खिळ्यात अडकला. मल्हाररावांना पुढचं काही सुचेना. घामाने डबडबून ते नुसते उभे राहिले. तेवढ्यात मागच्या बायकांच्या गर्दीतून चिमणाबाई तरातरा पुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून भर सभेत गुजरातीत ओरडल्या, "अहो सांभळो छो के? घेर चालो, दूध उभराई गयुं!" सगळं पटांगण हसून लोळलं. खिळ्यातला पडदा कोणी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी गावात बोलबाला झाला तो मल्हाररावांच्या प्रसंगावधानाचा. पुढे ते दूध उतू गेल्याचं वाक्य खेळातच कायमचं राहिलं.

बाईने केलंय म्हटलं तर लोक तिकीट काढणार नाहीत, असं सुरुवातीला चिमणाबाईच म्हणाल्या होत्या. तेव्हा ते खरंही होतं. मग ती सवय झाली. आणि मल्हाररावांना ती सवय गोड लागली, हेही खरंच. चिमणाबाईंनी कधी चकार शब्द काढला नाही. उलट, पुरस्काराच्या चांदीच्या तबकांना चिंच लावून त्या दर दिवाळीला घासायच्या.

"आणि चौथी," अवंती म्हणाली, "विच. इथेच माझं घोडं अडलंय. ही गावात राहते. हिला पोथ्या नाहीत, घराणं नाही, कुणाशी करारही नाही. हाताने काम करता करता जे कळलं ते हिचं. बाकीचे तिघं हिला हसतात. शेवटी बांध फुटतो तेव्हा तिघांचं काही चालत नाही, ही येऊन काम करते. आणि लोक वळून बघेपर्यंत निघून गेलेली असते. दरबारात शालजोडी विद्याधराला मिळते."

"अस्सं," मल्हारराव म्हणाले.

"तिला मी चेटकीण कशी म्हणू, काका? खेड्यापाड्यांत अजून बायकांना डाकण ठरवून मारतात. जादूगार हा शब्द मी मुद्दाम शिल्लक ठेवलाय. सगळ्यांत मोठा वाटतो मला तो. पण कोणाला द्यावा ते ठरत नाही. उद्या दुपारी सगळं छापायला जायचंय. यादी आणि तुमची प्रस्तावना, दोन्ही आज हवं."

प्रस्तावना ही त्या पुस्तकाची खास गंमत ठरणार होती. खऱ्याखुऱ्या जादूगाराची दोन पानं. त्यात 'रिकामा मेणा' कसा सुचला ते मल्हाररावांनी सांगायचं, असं प्रकाशकाने मागितलं होतं. गेला आठवडाभर ते उद्या सांगतो, परवा सांगतो करत होते. मांडवात, सत्कारात ते धडधडीत खोटं बोलत आले होते, पण बोललेलं वाऱ्यावर जातं. छापलेलं राहतं. आपण गेल्यावरही कोणी ते पान उघडेल आणि तिथे आपण खोटं बोलत उभे असू, आपली बायको मात्र कुठेच नसेल, हा विचार त्यांना चार दिवस जेवू देत नव्हता.

"मेणा कसा सुचला, सांगता ना?" अवंतीने वहीचं नवं पान काढलं.

मल्हाररावांनी घसा साफ केला. तयार कहाणी होती. दसऱ्याच्या स्वारीत लहानपणी पाहिलेला मेणा, वगैरे. शंभरदा सांगितलेली. त्यांनी तोंड उघडलं.

"काका, त्याआधी एक विचारू? रागावू नका," अवंती म्हणाली. "मघाशी झाकण पडलं तेव्हा मी आत बघितलं. ज्याच्या हातून झाकण पडतं ना, तो माणूस झाकणाकडे बघतो. काकू तुमच्या हाताकडे बघत होत्या."

प्रत्येक खेळाला असा एखादा प्रेक्षक असतो. जिथे बघू नये तिथे बघणारा. मल्हाररावांना त्याची आयुष्यभर धास्ती वाटत आली होती आणि अशा माणसाच्या तोंडावर फेकायला त्यांच्याकडे दहा वाक्यं तयार असायची. आत्ता त्यातलं एकही त्यांना नको झालं. उलट छाती मोकळी झाल्यासारखं वाटलं.

"लिही," ते म्हणाले. "माझे बहुतेक प्रयोग माझे नाहीत. 'रिकामा मेणा' माझा नाही. तो माझ्या पत्नीने शोधला."

स्वयंपाकघरातली मेथी थांबली. चिमणाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. ठेंगणी, बारीक चणीची बाई. आवाज मात्र खणखणीत.

"अहो, काय चाललंय तुमचं? धंद्यातलं बाहेर सांगायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"कसा केला ते मी कुठे सांगतोय? कोणी केला, तेवढं सांगतो."

"आता या वयात? लोक हसतील. म्हणतील, म्हातारा पंचेचाळीस वर्षं खोटं बोलला."

"म्हणू देत की. खोटं आहे का ते?"

अवंतीने उठून चिमणाबाईंसाठी खुर्ची सरकवली. तिच्यावर त्या अगदी कडेला टेकल्या, आत्ता उठायचंच आहे अशा.

"अवंती, तू नको गं लिहूस. यांना दुपारी झोप मिळाली नाही की असंच काहीतरी बोलतात."

"काकू, मेणा तुमचा ना?"

चिमणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मल्हाररावांनी मान हलवली.

"मेणा माझा," त्या हळूच म्हणाल्या. मग थोडं थांबून, "छत्रीतली कबुतरं पण."

"आणि दोरीची गाठ," मल्हारराव म्हणाले.

"गाठ तर माझ्या परकराच्या नाडीवरून सुचली. ते नको लिहू हं. आणि तो पाण्याचा घडा, आणि जळालेली चिठ्ठी." आता त्या खुर्चीत जरा मागे सरकल्या होत्या. "एटलुं बधुं, एवढं सगळं आठवतही नव्हतं मला. बोलायला लागलं की येतं वर."

मल्हारराव ऐकत होते आणि बायकोकडे बघत होते. एवढं सगळं एका माणसाच्या डोक्यात होतं, आणि ते डोकं रोज त्यांच्यासमोर भाजी निवडत बसायचं.

"घड्याळाचा मात्र माझा हो," ते म्हणाले. उगाच आपलं, हिशेब चुकू नये म्हणून. "अवंती, लोकांचं घड्याळ घ्यायचं, खलबत्त्यात कुटायचं आणि मग बाजारातून आणलेला अख्खा दुधी चिरला की आत ते घड्याळ टिकटिक करतंय. तो माझा स्वतःचा. ही विळीवर दुधी चिरत होती, मी झोपाळ्यावर बसलो होतो, आणि वीज चमकावी तसा सुचला."

"हो, तो यांचाच," चिमणाबाई म्हणाल्या.

जरा लवकरच म्हणाल्या. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या माणसाने त्यांच्याबरोबर काढली होती त्याला एवढ्या चटकन आलेला होकार ओळखता येत होता.

"अगं, माझ्याकडे बघ. माझाच ना?"

"हो म्हटलं ना. जाऊ द्या. चहा टाकते."

"चिमे, सांग."

चिमणाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"त्या आठवड्यात मी रोज दुधी का आणत होते, असं वाटलं तुम्हाला?"

मल्हाररावांना तो आठवडा आठवला. दुधीचं शाक, दुधीचे मुठिये, पुन्हा दुधीचं शाक. ताट सरकवून ते चिडले होते की या घरात दुसरी भाजी मिळत नाही का. आणि ही रोज स्वयंपाकघर सोडून बाहेर झोपाळ्यासमोर विळी घेऊन बसायची.

"रोज तुमच्यासमोर मधोमध चिरायची. चौथ्या दिवशी सुचलं तुम्हाला. मी आठवडा लागेल असं धरलं होतं."

"पण का? सरळ सांगायचं होतंस."

"तुमचाही एक असावा, असं वाटलं मला."

अवंतीने पेन खाली ठेवलं. मल्हाररावांना आधी राग आला, मग लाज वाटली. आणि मग त्यांना हसू आलं, असं की थांबेचना. आयुष्यभर मांडवच्या मांडव फसवले म्हणून जो माणूस मिशीला पीळ देत हिंडला, त्याला त्याच्याच ताटात वाढून बाईने फसवलं होतं, आणि पस्तीस वर्षं कळू दिलं नव्हतं. याहून साफ हात त्यांनी पाहिला नव्हता. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी दोघींसमोरच पुसले.

"अवंती, 'बहुतेक' खोड," ते म्हणाले. "माझे प्रयोग माझे नाहीत. असं लिही."

अवंतीने खोडलं. मग मल्हारराव सावकाश सांगत गेले आणि ती लिहीत गेली. पादरा गावचा खिळा आला, दुधाचं वाक्य आलं, दुधीचा आठवडा आला. मेणा कसा रिकामा व्हायचा ते आलं नाही. चिमणाबाई मध्येच दोनदा म्हणाल्या, "हे नको," आणि एकदा म्हणाल्या, "तसं नाही, बुधवार होता तो."

दोन पानं भरली.

"खाली नाव?" अवंतीने विचारलं. "जादूगार मल्हारराव जगताप, बडोदे?"

"नुसतं मल्हारराव जगताप," ते म्हणाले. "आणि तो शब्द तुझ्या यादीत चौथीपुढे लिही. हिच्यापेक्षा मोठा हक्कदार मला तरी दिसत नाही."

अवंतीने यादीचं पान उलटलं. विद्याधर, मायावी, अंकित. चौथ्या ओळीवर तिने ठळक अक्षरांत लिहिलं आणि वही चिमणाबाईंपुढे धरली. चष्मा आत राहिला होता, म्हणून त्यांनी वही हात लांब करून धरली आणि आधी यादी, मग दोन्ही पानं, ओठ हलवत शेवटपर्यंत वाचून काढली. मल्हारराव त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हे खरंच छापणार?" चिमणाबाईंनी विचारलं.

"उद्याच, काकू."

"मग हे 'माझ्या पत्नीने' काय लिहिलंय जागोजाग?" चिमणाबाईंनी वही परत दिली आणि त्या चहा टाकायला उठल्या. "मला नाव आहे. चिमणाबाई. ते लिही."